मिहीर बदलला त्या वर्षी



मागच्या आठवड्यात भिशीला विषय निघाला, मालिकेत माणूस बदललेला कुणाचा आवडला आणि कुणाचा नाही. चहा निवाला तरी विषय संपेना. म्हणून आज स्वयंपाकघर बाजूला ठेवून हेच लिहिते.

सुरुवात अर्थातच 'क्योंकि सास भी कभी बहू थी' पासून. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरू झाली, त्याच दिवशी 'कौन बनेगा करोडपती'ही. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे साडेदहापर्यंत सगळ्या मोकळ्या. सासूबाई पलंगावर, बाकीच्या सतरंजीवर. अमर उपाध्यायचा मिहीर २००१ मध्ये अपघातात गेला तेव्हा आमच्या गल्लीत खरोखर सुतक पडल्यासारखं झालं होतं. देशभर लोक एवढे हळहळले की निर्मात्यांना त्याला परत आणावं लागलं. आणि इतकं करून पुढच्या वर्षी अमरनं मालिका सोडलीच. त्याच्या जागी इंदर कुमार आला, तो थोडाच काळ टिकला. मग आला रोनित रॉय. तो २००८ च्या नोव्हेंबरात मालिका संपेपर्यंत राहिला.

माझ्या मते आजवरची सगळ्यांत उत्तम बदली हीच. पण हे मला तेव्हा कळलं नव्हतं, जाऊबाईंनी सांगितलं.

त्या वेळी आमच्या घरातही एक बदल झाला होता. थोरल्या जाऊबाई १९९९ मध्ये आजारपणात गेल्या. त्यांची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. दोन वर्षांनी सगळ्यांच्या आग्रहानं भावजींचं दुसरं लग्न झालं. नव्या जाऊबाई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण नात्यानं थोरल्या, म्हणून मी त्यांना जाऊबाई म्हणायचं आणि त्या मला ताई. सासूबाईंच्या तोंडून कित्येकदा पहिलीचंच नाव निघायचं. त्या 'ओ' द्यायच्या. मीही काही चांगली वागले नाही. आमटी झाली की "आमच्या जाऊबाई यात गूळ जरा जास्त घालायच्या," असं त्यांना ऐकू जाईल इतपत बोलायचे.

रोनितचा मिहीर आला तेव्हा मी नाक मुरडलं. "ह्याला मिहीरसारखं हसतासुद्धा येत नाही." जाऊबाई पापड लाटत होत्या. मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "तो त्याच्यासारखं हसायला बघतच नाही ताई. म्हणून तर चाललाय." मी पुढे काही बोलले नाही. आमटीबद्दलही त्यानंतर कधी बोलले नाही.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अमरचा मिहीर हा लाडका मुलगा होता. कथा वीस वर्षं पुढे गेल्यावर घराला कर्ता पुरुष हवा होता, आणि रोनित तसा दिसला, तसा वागला. कॉमर्सच्या भाषेत सांगते, नवा भागीदार पेढीत येतो तेव्हा जुन्यांनी मिळवलेल्या गुडविलचा वाटा घेतो आणि त्यापोटी स्वतःची रक्कम आणतो. रोनितनं रक्कम आणली.

'कसौटी'मध्ये असं झालं नाही. सेझान खानचा अनुराग जाऊन हितेन तेजवानी आला, मग पुन्हा सेझान. आपण प्रेक्षक नुसते माना वळवत राहिलो.

आणि सगळ्यांत वाईट? २००७ ची तुळशी. स्मृती इराणींच्या जागी गौतमी कपूर आली. ती आपली मराठी, माहेरची गाडगीळ, आणि अभिनेत्री चांगलीच. तिचा काही दोष नाही. पण सात वर्षं जिच्या तोंडानं घर बोललं, ती जागा कुणालाही दिली असती तरी हेच झालं असतं. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "ही पाहुणी आहे." २००८ मध्ये स्मृती परत आल्या, पण तोवर आमच्या सतरंजीवर दोघीच उरल्या होत्या.

लहान मूल मोठं झालं म्हणून चेहरा बदलतो ते आपण सहज मान्य करतो. 'बालिका वधू'ची आनंदी अविका गोरनंतर २०१० मध्ये प्रत्युषा बॅनर्जी झाली ते कुणाला खुपलं नाही. २०१३ मध्ये मात्र मोठीच्या जागी मोठी, तोरल रासपुत्रा आली, तेव्हा आठवडाभर कुरबुर चालली. ती निभावली ती दादीसांमुळे, असं मला वाटतं. सुरेखा सिक्रींनी पहिल्याच दिवसापासून तिला आनंदी म्हणूनच धारेवर धरलं. घरातलं मोठं माणूस ओळखतं म्हटल्यावर आपणही ओळखतो.

मराठीत शनाया. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधून रसिका सुनील २०१८ मध्ये गेली, ईशा केसकर आली, आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका. ईशा त्याआधी 'जय मल्हार'मध्ये बानू होती, म्हणजे खंडोबाची दुसरी आणि गुरूचीही दुसरी! मला तीही आवडली, जरा बावळट, जरा लाघवी. रसिकाचा तोरा मात्र तिचाच.

'तारक मेहता'त तर निम्मी सोसायटी बदलली. टप्पू तिसरा आहे. पण दिशा वाकाणी २०१७ मध्ये रजेवर गेली ती परतली नाही, आणि दयाच्या जागी वर्षानुवर्षं कुणालाच आणलं नाही. जागा रिकामी ठेवणं म्हणजे मान देणं, असं मला पूर्वी वाटायचं. आमच्या पुतणीचे ते दोन वर्षांचे दिवस आठवले की तसं वाटत नाही. शाळेतून आल्यावर ती वेणी घालून घ्यायला कुणाकडे जावं म्हणून दारात उभी राहायची.

ती नव्या जाऊबाईंना शेवटपर्यंत 'मावशी'च म्हणाली. बाळंतपणाला मात्र त्यांच्याकडेच आली.

२९ जुलै २०२५ ला 'क्योंकि' पुन्हा सुरू झाली. सासूबाई आता नाहीत. जाऊबाई आणि मी दोघींनी पहिला भाग पाहिला. अमर उपाध्याय दिसला तशी मी ओरडलेच, "बघा, मिहीर!"

जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "तुमचा असेल. माझा तो दुसरा."