कब्जा

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात फळ्यावर 'कब्जा' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, दुसऱ्याची जागा बळकावणं." वर्ग हसला. दोन-तीन मुलांनी मात्र मान खाली घातली. हल्ली हा शब्द कोणाला उद्देशून वापरला जातो, ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी व्याकरण बाजूला ठेवून मी धनुष्याची गोष्ट सांगितली.

शब्द मूळचा अरबी. मुठीत धरणं हा त्याचा पहिला अर्थ. उर्दूत तलवारीची मूठ म्हणजे कब्जा. तुर्कीत धनुष्याच्या मधल्या मुठीला 'कबझा' म्हणतात.

ही मूठ कशी धरावी, यावर मुस्लिम तिरंदाजांनी फार बारकाईने विचार केला. १३६८ च्या सुमारास मामलूक काळातल्या तैबुगा याने तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला. त्यात अबू हाशिम, ताहिर बल्खी आणि इसहाक या जुन्या उस्तादांच्या पद्धतींची चर्चा आहे. कोणी मूठ तिरकी धरायला सांगतो, कोणी सरळ, कोणी दोन्हींच्या मधली. उस्तादांत मतभेद होते, आणि ग्रंथकाराने ते झाकले नाहीत.

एवढी चर्चा का? दोरी सुटल्यापासून बाण निघेपर्यंतच्या निमिषात डाव्या हाताने मूठ अचानक आवळली, तर धनुष्य वळतं. अर्ध्या अंशाची चूक ७० मीटरवर सुमारे ६१ सेंटिमीटर होते. ऑलिम्पिकचं लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मध्यावर धरलेला नेम थेट कडेला जातो. म्हणून आजचे ऑलिम्पिक तिरंदाज हात सैल ठेवतात, धनुष्य पडू नये म्हणून बोटांना पट्टी बांधतात. तुर्की धनुष्य मात्र आखूड, हलकं आणि ओढायला कठीण. दोरी उजव्या अंगठ्याने ओढायची, बाण डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकवायचा. तिथे मूठ घट्ट लागते. पण दोन्हीकडे नियम एकच: पकड सैल असो वा घट्ट, प्रत्येक बाणाला सारखी हवी. भीतीने किंवा घाईने ती बदलली की नेम गेला.

इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान महंमद दुसरा याने तिथे तिरंदाजीचं मैदान राखून ठेवलं. तिथे शागिर्दाला ९०० गेझ, म्हणजे जवळजवळ ६०० मीटर बाण टाकून दाखवावा लागे. मग उस्ताद समारंभाने त्याच्या हाती धनुष्याची मूठ देई. याला 'कबझा घेणं' म्हणत. त्या वेळी उस्ताद त्याच्या कानात एक गुपित सांगे. परंपरा सांगते की ती सूरह अनफालमधली आयत होती. बाण आपण सोडतो, पण करणारा अल्लाह आहे, हा तिचा आशय. म्हणजे मूठ हाती येताच पहिला धडा गर्व सोडण्याचा.

तास संपला. मान खाली घातलेल्यांपैकी एकाने विचारलं, "सर, म्हणजे कब्जा घ्यायचा नसतो, मिळवायचा असतो?"

मी म्हटलं, "आधी त्याच्या लायक व्हायचं असतं, बेटा. मग उस्ताद देतो."

त्याने वहीत पहिला अर्थ तसाच ठेवला आणि खाली दुसरा लिहिला. मीही फळ्यावरचा पहिला अर्थ पुसला नाही. तोही मराठीत आहेच.