हुजूर आणि विठ्या

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मग्राम. बालवयातच पित्याने तिला पंढरपुरी संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेविले, आणि पुढे स्वतःस नामयाची दासी म्हणविणारी ही स्त्री जे बोलली, त्यात भावनेचा परमोत्कर्ष व्यक्त करण्याची एक अपूर्व रीत मराठीस लाभली.

भावना पराकोटीस पोचली की प्रत्येक भाषा आपल्या व्याकरणाचा निराळा अवयव पणास लावते. तुर्की भाषा विशेषणाच्या आद्य अक्षरांची द्विरुक्ती करते. पांढरा तो ‘बेयाझ’, पांढराशुभ्र तो ‘बेम्बेयाझ’. आपण काळाकुट्ट, लालभडक म्हणून शब्दाच्या शेवटी जोर देतो. जनाबाईस मात्र विशेषणांची गरजच पडली नाही. तिने सारा भार संबोधनावर टाकला. विठ्ठलाचा विठोबा, विठोबाची विठाबाई, आणि कोप अनावर झाला म्हणजे थेट ‘विठ्या’! त्याच्या मढ्याची, त्याच्या पत्नीच्या वैधव्याची भाषा करण्यापर्यंत तिची जीभ जाते, आणि वारकरी संप्रदाय हे शिव्याशापही अभंग म्हणूनच जतन करतो. जो देव पहाटे शेजारी बसून दळू लागतो, त्याच्याशी अदब ती कसली पाळावयाची?

दरबारी रीत नेमकी उलटी. गंगाखेडचा मुलूख निजामाच्या आसफजाही अंमलाखाली गेल्यावर दफ्तराची भाषा आधी फारसी व मागाहून उर्दू झाली, आणि अव्वल तालुकदारापुढे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे, अर्ज गुदरणाऱ्या रयतेस आपले गाऱ्हाणे हुजूर, मेहेरबान अशा पायऱ्या चढत वर न्यावे लागे. दुःख जितके तीव्र, तितका मायना लांब. १९४८ साली निजामी संपेपर्यंत हे चालले.

त्याच रयतेच्या बायका मात्र जात्याशी बसल्या की जनाबाईच्याच वाटेने जात. जात्यास ईश्वर म्हणावे, विठ्ठलास भाऊ वा बाप मानावे, पंढरपुरास माहेर ठरवावे आणि सासुरवास एकेरीत सांगावा, ही ओवीची वहिवाट. नवऱ्याचे नाव उखाण्यावाचून ओठी न आणणारी स्त्री पांडुरंगास बेधडक अरेतुरे करी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. बाहेर जे संबोधन निषिद्ध, तेच येथे तिच्या हक्काचे होते. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण उठले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून महाराष्ट्रातील लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून ही भाषा आज कागदावर तरी सापडते.