दिनविशेष : २ जून – व्हिनेगरची चाचणी

शिकागोत भरणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मुख्य सत्राचा मान बहुधा नव्या, महागड्या औषधांना मिळतो. २ जून २०१३ रोजी मात्र तिथे चर्चा झाली ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांची आणि व्हिनेगरची! परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनाचे निष्कर्ष मांडले.

पद्धत अगदी साधी. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. पेशींत बिघाड असेल तर तो भाग पांढरट दिसतो. प्रयोगशाळा नको, अहवालाची वाट पाहणे नको. तपासणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले होते.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

टाळ्यांबरोबर टीकाही झाली. उरलेल्या निम्म्या स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तेव्हा देशात अशी नियमित तपासणी होतच नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. ते सगळ्यांना पटले नाही, आणि न पटण्यासारखे त्यात बरेच होते. निष्कर्ष हाती आल्यावर त्या स्त्रियांनाही तपासणी देऊ करण्यात आली.