देवालयाचें काम कोणाच्या हातीं द्यावें?

सोनिवलीच्या आसपास राहणाऱ्यांस दगडी देवालयाची थोरवी निराळी सांगावयास नको. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ पासून, म्हणजे इ. स. १०६० पासून, जवळच उभें आहे. असलें काम कोणाकडे सोंपवावें, या प्रश्नाचा एक बोधप्रद दाखला मुंबईच्या ख्रिस्ती मंदिरांत सांपडतो.

पहिल्या अफगाण युद्धांत (१८३९–४२) पडलेल्या सैनिकांचें स्मारक म्हणून कुलाब्यास सेंट जॉनचें मंदिर बांधावयाचें ठरलें. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. त्या काळीं इंग्लंडांत गॉथिक शिल्पपद्धतीचा पुनरुद्धार चालला होता. तेव्हां चालकांची दृष्टि प्रथम तिकडे वळावी हें साहजिकच होतें. परंतु तिकडील आराखड्याचा खर्च झेपेना, आणि काम मुंबई शहराचा इंजिनियर हेन्री कॉनिबेअर याजकडे आलें. विहार तलावाच्या पाणीयोजनेशीं ज्याचें नांव निगडित आहे, तोच हा गृहस्थ.

नळ घालणाऱ्यास शिल्पांतलें काय कळणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असें कीं, येथील दगड, येथील मजूर आणि येथील पाऊस ज्यास रोजच्या कामांतून ठाऊक, त्याच्या हातीं भिंती सोंपविणें हाच शहाणपणा होय. आंतील सजावटीस विल्यम बटरफील्ड या नामांकित इंग्रज शिल्पज्ञाचें साहाय्य घेण्यांत आलें. जें आपल्यापाशीं नाहीं तेवढेंच बाहेरून आणावें, हा विवेक येथें दिसतो.

तथापि बांधणारा चांगला मिळाला म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. १८४७ सालीं पाया घातलेलें हें मंदिर १८५८ सालीं उपासनेस खुलें झालें. समुद्रावरील गलबतांस खूण व्हावा असा त्याचा उंच मनोरा मात्र १८६५ पर्यंत पुरा झाला नाहीं. कोटांतील सेंट थॉमसच्या मंदिराची कथा याहून बोलकी आहे. गव्हर्नर आँजियरच्या कारकीर्दींत आरंभलेलें तें काम १६७७ सालीं त्याच्या मृत्यूनंतर रखडलें. पुढें रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकानें वर्गणीचें काम अंगावर घेतलें, तेव्हां कोठें १७१८ च्या नाताळांत त्याचीं दारें उघडलीं.

म्हणून आमचें म्हणणें असें: गवंड्याची पारख करण्यापूर्वीं मंडळींनीं आपल्या थैलीची पारख करावी. वर्गणी हा लोकांनीं विश्वासानें दिलेला ठेवा असतो. अर्धवट भिंतींवर पावसाळे जाऊं लागले म्हणजे दगडाआधीं तो विश्वास झिजतो.