तुमसरचा काळा दगड

वाङ्मय, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन महाविद्यालयात शिरणाऱ्या तरुणास रसायनशास्त्राशी काय कर्तव्य, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. शाळेत त्याने पोटॅशियम क्लोरेटमध्ये एक काळी पूड मिसळून प्राणवायू काढलेला असतो. पूड अखेरीस जशीच्या तशी उरते, तिला उत्प्रेरक म्हणावे, एवढे त्यास परीक्षेपुरते पाठ असते. परंतु ती पूड म्हणजे मँगनीज डायॉक्साइड असून तिचा दगड भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे, उघड्या खाणीतून निघतो, हे मात्र त्यास सहसा कोणी सांगत नाही. ह्या एका दगडाचा इतिहास पाहिला तरी वरील प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी मिळते, असे आमचे मत आहे.

लोखंडाच्या अंशामुळे हिरवट झालेली काच निर्मळ करण्यासाठी हा दगड प्राचीन काळापासून वापरीत. तो आहे काय, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. इ. स. १७७४ मध्ये स्वीडनमधील शेले ह्याने तो मिठाच्या तेजाबात तापविला, तेव्हा घुसमटविणारा, पिवळट हिरवा वायू निघाला. हा वायू स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे शेलेस उमगले नाही. ते डेव्हीने १८१० साली ठरवून त्यास क्लोरीन हे नाव दिले. शेलेचा स्नेही गान ह्याने त्याच १७७४ साली तो दगड कोळशाबरोबर तापवून त्यातून धातू वेगळा केला. तो धातू म्हणजे मँगनीज.

पटकीच्या साथीत विहिरीत टाकावयाचे जांभळे औषध जुन्या पिढीच्या चांगले स्मरणात असेल. ते पोटॅशियम परमँगनेट. आग्रा येथील सरकारी रसायनतज्ज्ञ हँकिन ह्यांनी गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस त्याचा मोठा पुरस्कार केला. ह्यातही मँगनीजच आहे. डायॉक्साइडमध्ये मँगनीजच्या एका अणूस प्राणवायूचे दोन अणू जडलेले असतात, परमँगनेटमध्ये चार. एक काळे, दुसरे जांभळे. एक पाण्यात विरघळत नाही, दुसरे तत्काळ विरघळून आपला प्राणवायू पाण्यातील घाणीस देऊन टाकते. सोबत बदलली की मूलद्रव्याचे शील बदलते, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा. तो शिकविण्यास परक्या देशातील उदाहरणे कशाला हवीत?

दगडास खरी किंमत आली ती पोलादामुळे. बेसेमरने १८५६ साली झपाट्याने पोलाद करण्याची युक्ती काढली, पण त्याचे पोलाद ठिसूळ होई. त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळावे, हे मशेटने दाखविले. मँगनीज पोलादातील नको असलेला प्राणवायू व गंधक आपल्याकडे ओढून घेते. १८९६ मध्ये मध्यप्रांतात खनिजांच्या शोधासाठी एक सिंडिकेट निघाले, आणि नागपूर, भंडारा, बालाघाट ह्या पट्ट्यातून दगड विलायतेकडे जाऊ लागला. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर ह्यांनी १९०९ साली ह्या खनिजांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. येथील एका खडकास त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. गोंडांच्या वाट्यास त्यातून नाव आले व मजुरी आली; रसायन मात्र समुद्रापलीकडे घडत राहिले.

अपवाद एक सांगण्यासारखा आहे. मँगनीजच्या खाणींत संपत्ती मिळविलेले कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. उपयोजित विज्ञान व रसायन ह्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूर विद्यापीठास तीस लाखांहून अधिक रुपये ठेविले. त्यातून १९४२ साली उभी राहिलेली संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली.

डोंगरी बुजुर्ग येथेही पुढे रसायन आले. १९६२ साली सरकारच्या भागीदारीने ‘मॉइल’ कंपनी निघाली, आणि १९९१ च्या सुमारास तेथे शुद्ध डायॉक्साइडचा कारखाना सुरू झाला. तेथे दगड गंधकाम्लात विरघळवून, मळ काढून, विजेच्या प्रवाहाने शुद्ध काळा थर जमवितात. विजेरीच्या कोरड्या घटास तो लागतो.

आता एक अप्रिय गोष्ट. ग्लासगो येथे क्लोरीनसाठी हा दगड दळणाऱ्या मजुरांच्या पायांतील शक्ती जाते, चाल पुढे झुकते व आवाज क्षीण होतो, असे डॉक्टर कूपर ह्यांनी १८३७ सालीच लिहून ठेविले आहे. धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, की मँगनीज मेंदूत साचते. आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याखाली हा मज्जासंस्थेचा विकार कळविणे बंधनकारक झाले, आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याचा समावेश आहे. त्या भरपाईचा अर्ज लिहिणारा वकील, तो तपासणारा कारकून आणि त्यावर निर्णय देणारा अधिकारी, हे तिघेही बहुधा वाङ्मय किंवा इतिहास घेऊनच पदवीधर झालेले असतात.