पुड्यावरची मुलगी आणि अकरा वर्षांची लढाई

पार्ले-जीच्या पुड्यावरची गोंडस मुलगी सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या पुड्यावर वेगळंच चित्र होतं. शेतातलं घर, झाडं, गाई, कोंबड्या आणि मधोमध बादली घेऊन चाललेली मुलगी. नाव 'पार्लेज ग्लुको'. विलेपार्ल्यात सुरू झालेल्या या कंपनीनं त्या वेष्टनाची ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंदणी केलेली होती.

मार्च १९६१ मध्ये कंपनीच्या लक्षात आलं, की म्हैसूरची एक कंपनी जवळपास तशाच वेष्टनात ग्लुकोज बिस्किटं विकतेय. आकार तोच, रंगसंगती तीच, गाई-कोंबड्या आहेत, मधे मुलगीही आहे. फक्त हिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा!

पार्ले कोर्टात गेली आणि हरली. हायकोर्टातही हरली. दोन्ही वेष्टनांतले फरक मोजले, तर ते होतेच की!

१९७२ साली सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला. कोर्टाचा मुद्दा साधा होता. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही, तो काही शेरलॉक होम्स नसतो. आधी पाहिलेल्या पुड्याची ढोबळ आठवण घेऊन तो दुकानात येतो. त्या आठवणीची फसगत होण्याइतकं साम्य असेल, तर ते ट्रेडमार्कचं उल्लंघन. देशातल्या कोर्टांत आजही या निकालाचा दाखला दिला जातो.

पण वेष्टन वाचलं तरी 'ग्लुकोज' हा शब्द पार्लेचा झाला नाही. तो मालाचं वर्णन करणारा शब्द, कुणीही वापरावा. बाजारात ग्लुकोज बिस्किटांची गर्दी झाली आणि १९८०च्या दशकात 'ग्लुको'चं 'पार्ले-जी' झालं.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आपल्याच गावातले मसालेवाले, पापडवाले, फरसाणवाले. "शॉप ॲक्ट आहे, उद्यम आहे, एफएसएसएआयचा नंबर आहे, म्हणजे नाव आपलंच," असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. तसं नसतं राव! ते धंद्याचे परवाने आणि नोंदण्या झाल्या. नावावरचा हक्क ट्रेडमार्कच्या नोंदणीतून मिळतो. एका वर्गातल्या ऑनलाइन अर्जाला एकट्या व्यावसायिकाला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये सरकारी फी आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं.

नोंदणी नसेल तरी दार बंद होत नाही. दुसरा त्याचा माल तुमच्या नावावर खपवत असेल, तर दावा करता येतो. मात्र तुमचं नाव बाजारात रुजलेलं होतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून जुनी बिलं, जाहिराती, पिशव्यांचे नमुने रद्दीत घालू नका. आणि नोंदणीआधीच नावापुढे वर्तुळातला 'आर' छापू नका, तो गुन्हा आहे.

नाव निवडताना 'शुद्ध', 'घरगुती', 'गावरान' एवढ्यावर भागवू नका. असे शब्द सगळ्यांचेच असतात. आणि नोंदणी झाली की सरकार राखण करेल, असंही समजू नका. म्हैसूरचा पुडा पार्लेनं स्वतः हेरला होता. बाजारावर नजर आपली आपणच ठेवायची.

तुमच्या ओळखीत कुणी नवीन ब्रँड सुरू करत असेल, तर पाकिटं छापायला टाकण्याआधी त्याला हे वाचायला द्या.