सिडनी ते लंडन : अंतर आणि वेळ

* ‘चार दिवसांत लंडन’ : हा हिशेब १९४७ सालचा आहे. त्या वर्षी १ डिसेंबरला क्वांटास कंपनीचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून निघाले आणि डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांत लंडनला पोचले. प्रत्यक्ष उड्डाण सुमारे ५५ तासांचे होते. बाकीचा वेळ इंधन भरण्यात आणि सिंगापूर व कैरो येथील रात्रीच्या मुक्कामांत गेला. सिडनी व लंडन या दोन शहरांतील थेट हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा त्याच्याशी जुळणार नाही. आज एका थांब्यासह हा प्रवास साधारण एका दिवसात होतो. पर्थहून तर मार्च २०१८ पासून विमान कुठेही न उतरता सुमारे १७ तासांत लंडन गाठते. परतीला वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला मागून रेटा देतात. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतील तासांची आजच्या तासांशी तुलना करताना वाचकांनी थांबे आणि दिशा या दोन्ही गोष्टी अवश्य ध्यानात घ्याव्यात. — संपा.